दादासाहेबांची चौकट

बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर निसर्गाने जणू कंपास घेऊन आखलेले आहे. बेसाल्टच्या कातळात उल्काघाताने पडलेल्या या खळग्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. अगदी वरून, सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने घेतलेले त्याचे चित्र जवळजवळ वर्तुळाकार दिसते. पण हेच चित्रण जुन्या व्हिडिओवरून संगणकावर आणले की कधी ते किंचित उभट होते, तर दिवाणखान्यातल्या रुंद दूरचित्रवाणी संचावर लावले की चक्क अंड्यासारखे आडवे पसरते. सरोवर आपल्या जागी असते, बदललेली असते ती केवळ रुंदी आणि उंची यांची सांगड. तंत्रज्ञ तिला ॲस्पेक्ट रेशो म्हणतात.

लोणारचे वर्तुळ बिघडले तर ते बिघडल्याचे कोणाच्याही लक्षात येते. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटातील माणसे आडवी ताणली गेली, तर त्या काळची माणसेच थोडी स्थूल असावीत असे समजून आपण पुढे पाहत राहतो. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांच्या वाट्याला हा अन्याय सतत येतो. त्यांच्या अफाट निर्मितीपैकी फारच थोडे आज शिल्लक आहे. जे आहे तेही अनेकदा चुकीच्या मापात दाखवले जाते. ज्या माणसाने आयुष्यभर चौकटीचेच काम केले, त्याचे चरित्र या चौकटीच्या बाजूने पाहणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. घरातील वातावरण वेदपठणाचे आणि पुराणकथांचे. मुलाचा ओढा मात्र रंगरेषांकडे. 1885 मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करण्याची कला असे बरेच काही आत्मसात केले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तिथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. या आघातानंतर त्यांनी गोध्रे सोडले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा दुसरा विवाह सरस्वतीबाईंशी झाला. मराठी चरित्रलेखनात सहधर्मचारिणी हा शब्द सैलपणे वापरला जातो. सरस्वतीबाईंच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे, हे पुढे दिसेलच.

यानंतरचा काळ अस्थिरतेचा होता. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी, ती सोडून मुद्रणव्यवसाय, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळाछपाईचे काम, पुढे स्वतःचा छापखाना आणि 1909 मध्ये रंगीत छपाईचे अद्ययावत तंत्र समजून घेण्यासाठी जर्मनीचा प्रवास. मध्येच ते जादूचे प्रयोगही करीत. आपले आडनाव उलटे करून त्यांनी स्वतःला प्रोफेसर केल्फा असे नाव घेतले होते. चरित्रकार या साऱ्याकडे धरसोड म्हणून पाहतात, पण तसे ते नसावे. रंगीत छपाईत एका चित्रासाठी अनेक ठसे एकावर एक बसवावे लागतात आणि एखादा केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर उतरतो. माप चुकले की चित्र मेले, हा धडा दादासाहेब छापखान्यात शिकले. आणि डोळ्यांना फसवायचे कसे, हे जादूने शिकवले. चित्रपटाला या दोहोंवाचून दुसरे काय लागते?

भागीदारांशी मतभेद होऊन छापखाना सुटला. अशा रिकाम्या दिवसांत, 1910-11 च्या सुमारास, त्यांनी गिरगावातील एका चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण वावरू लागले. त्यानंतरचे कित्येक महिने ते मिळेल तो चित्रपट पाहत राहिले आणि घरी येऊन प्रयोग करीत राहिले. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. वैद्यकीय उपचारांनी आणि चष्म्यांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि 1912 च्या प्रारंभी लंडन गाठले. तेथील एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकाने या अनोळखी हिंदी माणसाला निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओपर्यंत पोहोचवले. परतताना दादासाहेबांनी विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडणारे यंत्र, छपाईचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवली.

या सामानातील छिद्रे पाडणाऱ्या यंत्राकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असे. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विल्यम डिक्सन यांनी 1890 च्या दशकाच्या आरंभी 35 मिलीमीटर रुंदीच्या पट्टीवर दोन्ही कडांना छिद्रे पाडून प्रत्येक चित्रासाठी चार छिद्रांची उंची मुक्रर केली होती. छिद्रांच्या दोन रांगांमध्ये उरलेल्या जागेत सुमारे 24 मिलीमीटर रुंद आणि 18 मिलीमीटर उंच असे चित्र बसत असे. हे प्रमाण चारास तीन असे होते. मूकपटाची चौकट ती हीच. लुमिएर बंधूंच्या चित्रांची, चॅप्लिनच्या चित्रपटांची आणि फाळक्यांच्या हरिश्चंद्राचीही.

म्हणजे चित्राचे माप कॅमेऱ्याच्याही आधी, छिद्र पाडताना निश्चित होत होते. फाळक्यांच्या घरी हे काम रात्री, काळोखात, सरस्वतीबाई करीत असत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, चित्रीकरणाला हातभार लावायचा आणि रात्री अंधारात फिल्मला छिद्रे पाडायची. एका फुटात सोळा चित्रे, प्रत्येक चित्राला एका कडेस चार छिद्रे, म्हणजे फुटामागे चौसष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट होती. एका कडेचाच हिशेब केला तर ही संख्या 2 लाख 36 हजार 800 होते, आणि त्यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही. एक छिद्र तिरके पडले तर पडद्यावर अख्खे चित्र हेलकावे खाई. भारतीय चित्रपटाची पहिली चौकट त्या माउलीने अंधारात, हाताच्या अंदाजाने राखली.

पैसे घालणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून दादासाहेबांनी आधी कुंडीतील रोपाच्या वाढीचे छोटेसे चित्रण केले. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन बीजाचा वेल कसा होतो हे त्यांनी क्षणार्धात उलगडून दाखवले. सावकार विरघळले. दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ला प्रारंभ झाला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दाबके होते. स्त्रीभूमिका करण्यास कोणीही स्त्री तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती करण्यात आले. रोहिदासाच्या भूमिकेत दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र होता. 21 एप्रिल 1913 रोजी निवडक प्रेक्षकांसाठी खेळ झाला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो सर्वांसाठी खुला झाला.

यशापाठोपाठ दादासाहेबांनी नाशिकला बिऱ्हाड हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या आणि पहिल्या चित्रपटाच्या वेळी बंद असलेले दार उघडले. 1914 मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा इंग्लंडला गेले. तेथे राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. गर्दी इतकी लोटली की तिकिटांची नाणी बैलगाड्यांतून न्यावी लागल्याच्या कथा आजही सांगितल्या जातात. 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ आणि 1919 मध्ये ‘कालियामर्दन’ हे चित्रपट आले. दोहोंतही बाळकृष्ण होती दादासाहेबांची चिमुरडी कन्या मंदाकिनी.

या विषयांचे लोकांना एवढे आकर्षण का होते, हे लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात गेल्यावर सहज उमगते. लवणासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू यांची कथा तेथे दगडात कोरलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक ती शिल्पाच्या चौकटीत पाहत आले. तशाच कथा दादासाहेबांनी उजेडाच्या चौकटीत बसवल्या, इतकेच. पुरातत्त्व खात्यातील उमेदवारी कामी आली असेल, असे म्हणायला निदान मन धजते.

कंपनीतील भागीदारांशी त्यांचे जमले नाही. ते काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, पुन्हा परतले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चित्रपट निघत राहिले, पण पूर्वीची झळाळी ओसरत चालली होती. आणि मग आला आवाज.

14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. बोलपटाने मूकपटाला संपवले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याने चौकटही कापली, हे फारसे कोणी सांगत नाही. आवाजाची रेघ ठेवायला फिल्मवर जागा हवी होती. ती चित्राच्या एका कडेतून काढून घेण्यात आली. त्यामुळे चित्र जवळजवळ चौरस झाले. विदेशातील चित्रगृहचालक मग पडद्यावर जुना आकार भरून काढण्यासाठी वरून-खालून चित्र झाकू लागले आणि नटांची डोकी कापली जाऊ लागली. अखेर 1932 मध्ये अमेरिकेतील अकादमीने नवे माप ठरवले. चित्राची उंचीही कमी करून प्रमाण 1.37 वर आणण्यात आले. आकार जुन्यासारखा दिसू लागला, परंतु चित्राने व्यापलेली फिल्म कमी झाली. त्याच वर्षी प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच! दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता; त्याला मागाहून आवाज जोडून 1932 मध्ये तो प्रदर्शित करावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ 1937 मध्ये आला. बोलपट म्हणून योजलेला त्यांचा हा एकमेव चित्रपट आणि शेवटचाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. जवळपास शंभर चित्रपट आणि अनेक लघुपट मागे ठेवून गेलेल्या या माणसाचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले.

दादासाहेब गेले, पण चौकटीचे हाल संपले नाहीत. जगभर मूकपटांच्या प्रती पुढे बोलपटांसाठी घडवलेल्या यंत्रांवर काढण्यात आल्या, तेव्हा आवाजाच्या रेघेची जागा पुष्कळदा मूळ चित्रातूनच गेली. एका कडेला उभे असलेले पात्र अर्धे नाहीसे झाले आणि मधोमध असलेला देव एका बाजूला सरकला. नायट्रेटच्या फिल्मा तर आपोआप कुजतात किंवा पेट घेतात. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात लागलेल्या आगीत अशी कितीतरी रिळे खाक झाली. 1964 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि विशेषतः पी. के. नायर यांनी फाळक्यांचे जे तुकडे मिळवून जपले, त्यामुळेच आज आपण त्यांच्याविषयी डोळ्यांनी पाहून बोलू शकतो. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे उरली आहेत, ती 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असेही अभ्यासकांचे मत आहे. ‘कालियामर्दन’ मात्र बराचसा उपलब्ध आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत फसवा टप्पा डिजिटलचा. फिल्मवर चित्र हे चित्रच असते. डिजिटलमध्ये ते आकड्यांचे कोष्टक होते. कोष्टकातील एकेक घर म्हणजे पिक्सेल. ही घरे चौरस असतीलच असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. 1982 मध्ये दूरचित्रवाणीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात एका ओळीत 720 नमुने घ्यायचे असे ठरले. भारतासह युरोपात प्रचलित असलेली पद्धत आणि अमेरिका-जपानची पद्धत, दोहोंना एकच संख्या चालावी ही त्यामागची सोय होती. आपल्याकडे उभ्या ओळी 576, तिकडे 480. 720 ला 576 ने भागले तर 1.25 येतात; 480 ने भागले तर 1.5. दोन्ही ठिकाणी पडदा मात्र चारास तीनच, म्हणजे 1.33. हिशेब जुळवायचा तर आपल्याकडचा पिक्सेल थोडा रुंद आणि अमेरिकेतला थोडा अरुंद धरावा लागतो. आपल्याकडे हे प्रमाण सोळास पंधरा येते. (ओळीतील 704 नमुनेच खरे चित्र मानले तर उत्तर बारास अकरा येते, तंत्रज्ञांमधील पुष्कळ वाद या सोळा नमुन्यांवरून होतात.) एके काळी घरोघरी असलेल्या व्हीसीडीची घरे 352 आणि 288 होती. तिथेही पिक्सेल बारास अकराच धरायचा असे.

म्हणजे साठवलेल्या चित्राचा आकार एक आणि दाखवायच्या चित्राचा आकार दुसरा. दोहोंमधला दुवा असतो एक छोटीशी नोंद. फाइल तयार करताना तीत हे प्रमाण लिहून ठेवायचे असते आणि चित्र दाखवणाऱ्या यंत्राने ते वाचून चित्र योग्य तेवढे ताणायचे असते. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नक्कल करताना ती नोंद गळाली की संगणक घरे चौरस समजतो. मग लोणारचे 1.8 किलोमीटरचे वर्तुळ उंचीला तेवढेच राहून रुंदीला जेमतेम 1.69 किलोमीटर दिसते. हा दोष बारीक आहे. याउलट चारास तीनचे चित्र सोळास नऊच्या पडद्यावर काठोकाठ पसरले की त्याच विवराची रुंदी 2.4 किलोमीटर होते. हा दोष मुळीच बारीक नाही, तरी घराघरांत तो वर्षानुवर्षे सहन केला जातो. सोळास नऊच्या उच्च दर्जाच्या चित्रात 1,920 आणि 1,080 अशी घरे चौरस असतात म्हणून प्रश्न मिटला असे वाटते, पण 1,440 घरांत तेच रुंद चित्र दाबून बसवणारे कॅमेरेही लग्नसमारंभांत खूप वापरले गेले. ती नोंद हरवली तर नवरदेव काटकुळा दिसतो.

बिघाडाची तिसरी तऱ्हा सर्वांत घातक आहे. चित्र न ताणता पडदा भरायचा म्हणून ते मोठे केले जाते आणि वरखालचा मिळून एक चतुर्थांश भाग कापला जातो. ताणलेले चित्र पुन्हा आवळता येते. नव्या फाइलमध्ये कापून टाकलेले परत येत नाही. फाळक्यांची चित्ररचना तर नाटकाच्या रंगमंचासारखी असे, पात्रे पायापासून मुकुटापर्यंत दिसत. एक चतुर्थांश कापले की हरिश्चंद्राचे पाय जातात आणि प्रकट होणाऱ्या देवाचा माथा जातो. यामागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. काळ्या पट्ट्या दिसल्या की आपल्या संचात काही बिघाड आहे असे प्रेक्षकाला वाटते, म्हणून कार्यक्रम करणारे त्या टाळतात. पण या पट्ट्यांना दोष देणे म्हणजे तसबिरीला महिरप कशाला, असे विचारण्यासारखे आहे.

‘कालियामर्दन’च्या प्रारंभी छोट्या मंदाकिनीचा चेहरा जवळून दिसतो. कथा सुरू होण्याआधी ती कॅमेऱ्यासमोर निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. आपल्या मुलीला अभिनय येतो हे प्रेक्षकांना आधी पटवून देण्याची ही बापाची हौसही असेल आणि जादूगाराची क्लृप्तीही. हा चित्रपट नव्या संचावर पाहण्याचा योग आला तर रिमोटवरून चित्राच्या आकाराचा पर्याय शोधावा आणि तो चारास तीनवर आणावा. 1,920 पैकी मधल्या 1,440 घरांत चित्र येते, डावीकडे 240 आणि उजवीकडे 240 घरे काळी राहतात आणि मधोमध मंदाकिनीचा चेहरा पुन्हा तिचा होतो.